परदेशात नंबर चालू ठेवायला अख्खा रोमिंग पॅक कशाला? दूरसंचार विभाग, ट्राय आणि मोबाइल कंपन्यांना नागपूरहून खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, दूरसंचार विभाग, नवी दिल्ली
मा. अध्यक्ष, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात ट्राय, नवी दिल्ली
महाराष्ट्र-गोवा सर्कलमधल्या सर्व मोबाइल कंपन्यांचे प्रमुख

सप्रेम नमस्कार.

नागपूरहून लोकांना परदेशी सहलीला नेणं हा माझा धंदा आहे. धरमपेठेत छोटंसं ऑफिस आहे. माझे प्रवासी बहुतेक साठी ओलांडलेले. कोणी अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त, कोणी रेल्वेतून, कोणी शाळेतून. काही बायका नवरा गेल्यावर पहिल्यांदाच एकट्या निघालेल्या. व्हिसा, हॉटेल, जेवण, गुडघ्यांचे पट्टे, सगळं मी बघते आणि त्यात आता फारसं अडत नाही. अडतं ते फोनपाशी. विमानातून उतरल्यावर कोणी आधी सामानाचं विचारत नाही. "मॅडम, माह्या फोनले रेंज काऊन नाही जी?" हाच पहिला प्रश्न.

आजवर हे आम्ही आपापसात निभावून नेत होतो. पण 28 नोव्हेंबर 2025 रोजी दूरसंचार विभागाने व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नल यांसारख्या सेवांना निर्देश दिले. ज्या नंबरावर खातं उघडलं, ते सिम त्या फोनमध्ये चालू असेल तरच अ‍ॅप चालावं. संगणकावर उघडलेलं खातं जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप बंद व्हावं. त्यासाठी कंपन्यांना नव्वद दिवस दिले. त्या मुदतीचं पुढे काहीही होवो, सरकारची दिशा त्यातून कळते. बँक आधीच नंबराला बांधलेली, यूपीआय बांधलेलं, आता गप्पाही बांधायच्या.

त्यामागचं कारण मला पटतं, हे आधीच सांगते. 2024 या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशाचे 22,800 कोटी रुपयांहून जास्त गेले, असं सरकारच सांगतं. परदेशात बसून भारतीय नंबराच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालणारे माझ्या प्रवाशांच्याच वयाच्या माणसांना गाठतात. सिम फोनमध्ये असलंच पाहिजे, या अटीने त्यांना चाप बसत असेल तर जरूर बसू द्या. रोमिंगवर, म्हणजे परदेशातल्या कंपनीच्या नेटवर्कवर, असलेलं सिम फोनमध्येच असेल तर अडचण येणार नाही, असा खुलासाही विभागाने केला आहे.

माझं म्हणणं नेमकं याच खुलाशापासून सुरू होतं. सिम फोनमध्ये ठेवा, चालू ठेवा, असं तुम्ही सांगता. ठेवतो. पण ते परदेशात चालू राहील, त्यासाठी दरवेळी हजारो रुपयांचा पॅक घ्यावा लागणार नाही आणि मागे कोणी नंबर बंद करणार नाही, याची हमी कोण देणार? ती कोणीच दिलेली नाही.

आता तक्रारी सांगते. पहिलीला सगळ्यांत जास्त जागा देते, कारण बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघतात.

पहिली तक्रार ओटीपीची. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत, असं पॅकच्या पत्रकांत बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं. पण पॅकच नसेल तर प्रीपेडचा फोन कित्येकदा तिथलं नेटवर्क धरतच नाही, आणि नेटवर्क नाही तर फुकट काय आणि विकत काय, एसएमएस येणार कुठून? मग ज्या माणसाला फक्त बँकेचा ओटीपी हवा आहे, नेट हॉटेलच्या वायफायवर चालणार आहे, त्यालाही दिवसाला एवढे जीबी आणि एवढी मिनिटं असलेला पॅक घ्यावा लागतो. तर्री-पोह्याची एक प्लेट मागावी आणि दुकानदाराने सांगावं की प्लेट मिळत नाही, पूर्ण थाळीच घ्या, असा हा व्यवहार आहे.

बँकॉकमध्ये माझ्या गटातल्या एका काकूंना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे आधी अनामत रक्कम मागितली. काकांचं कार्ड चालेना, कारण त्यावरचा परदेशी वापर बंद होता. कार्डावरचा परदेशी व्यवहार मुळात बंदच ठेवायचा आणि ग्राहकाने मागितला तरच सुरू करायचा, हा रिझर्व्ह बँकेचा 2020 चा नियम चांगला आहे. पण तो सुरू करायला बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिरावं लागतं. अ‍ॅपने ओटीपी मागितला. ओटीपी ज्या नंबरावर येणार, त्याला रेंज नाही. कॉल सेंटरला वायफायवरून फोन लावला, तर तिथल्या मुलीने विनयाने विचारलं, "सर, नोंदणीकृत नंबरावर आलेला कोड सांगता का?" काका हातातल्या फोनकडे बघत म्हणाले, "पैसे आपले, बँक आपली, अन् आपल्यालेच ओळखून नाही राहिले." पैसे मी भरले, काकू दोन दिवसांत बऱ्या झाल्या. काका निवृत्त मुख्याध्यापक आहेत, खात्यात पैसे होते, कार्ड खरं होतं, फोन महागाचा होता. एक एसएमएस तेवढा पोहोचला नाही.

यात एक तांत्रिक गाठही आहे आणि ती प्रवाशाला कोणी आधी सांगत नाही. मोबाइलची जुनी नेटवर्क एकेक देश बंद करतो आहे. सिंगापूरने 2017 मध्ये टू-जी बंद केलं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी 2022 पर्यंत थ्री-जी गुंडाळलं. ऑस्ट्रेलियात 2024 च्या ऑक्टोबरअखेर तेच झालं. अशा देशांत कॉल आणि एसएमएस बहुतेक फोर-जीवरूनच यायला हवेत. त्यासाठी हँडसेट, आपली कंपनी आणि तिथली कंपनी या तिघांचं जमलेलं असावं लागतं. बटणाचा जुना फोन घेऊन मेलबर्नला मुलाकडे निघालेल्या आजोबांना मोबाइल कंपनीच्या गॅलरीतला, म्हणजे दुकानातला, मुलगा पॅक विकतो, पण हा फोन तिथे चालेल का, हे बघत नाही. पॅकचे पैसे घेतानाच एवढी तपासणी करायला काय हरकत आहे?

बँकांनाही जाता जाता सांगते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये डिजिटल व्यवहारांच्या ओळख-पडताळणीचे नवे निर्देश काढले. ते 1 एप्रिल 2026 पासून लागू, आणि त्यांत एसएमएस ओटीपीखेरीज दुसऱ्या मार्गांनाही मोकळीक आहे. त्या मार्गांचा उपयोग परदेशात गेलेल्या ग्राहकासाठी आधी करा.

दुसरी तक्रार नंबर मरण्याची. नागपुरातल्या कितीतरी घरांतून आई-बाबा मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जातात. पर्यटक व्हिसावर तिथे सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. मनीषनगर, त्रिमूर्तीनगर, प्रतापनगरच्या गल्ल्यांत विचारा, दर दोन-चार घरांमागे असं एक घर सापडेल. ही माणसं इथलं सिम पाकिटात ठेवतात आणि मुलीच्या फॅमिली प्लॅनमधलं सिम घालतात. इकडे प्लॅनची मुदत संपते, आधी जाणारे कॉल बंद होतात, मग येणारे. नव्वद दिवस वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद करण्याची मुभा ट्रायच्या नियमात आहे. खात्यात वीस रुपये असतील तर तो राखून ठेवण्याची तरतूदही त्याच नियमात आहे. ती किती ग्राहकांना माहीत आहे, एवढं एकदा कंपन्यांना विचारून बघा. आई-बाबा परत येतात तेव्हा नंबर दुसऱ्याला देऊन झालेला असतो. त्या दुसऱ्या माणसाला यांच्या पेन्शनचे मेसेज जातात. नवीन नियमाप्रमाणे व्हॉट्सअ‍ॅपही सिमशी बांधलेलं, म्हणजे मुलीच्या घरी बसूनही नागपुरातल्या भावंडांशी बोलणं तुटणार.

बरं, नंबर कुठे आहे हे तुम्हाला कळत नाही, असंही नाही. परदेशातून येणारे, पण भारतीय नंबर दाखवणारे बनावट कॉल अडवण्याची यंत्रणा विभागाने ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू केली. पहिल्या चोवीस तासांत 1 कोटी 35 लाख कॉल अडवल्याचं तुम्हीच जाहीर केलं. कोणता नंबर खरोखर रोमिंगवर आहे, हे चोर पकडण्यासाठी बघता येत असेल, तर त्याच माहितीवर सज्जन माणसाचा नंबर सांभाळताही येईल.

तिसरी, बिलाची. पोस्टपेडवाल्यांचं दुखणं उलटं. त्यांचा फोन नेटवर्क लगेच धरतो, आणि रात्रभर फोटोंचा बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट चालू राहतात. सकाळी बिलाचा आकडा बघून माणूस नाश्ता विसरतो. विमानात आणि क्रूझवर तर फोन तिथलंच नेटवर्क धरतो, त्याचे दर जमिनीवरच्या पॅकमध्ये बसत नाहीत. युरोपचा पॅक घेतला आणि बस स्वित्झर्लंडमध्ये शिरली की काही पॅक बंद पडतात, कारण स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. टिटलिसच्या डोंगरावर उभ्या असलेल्या माणसाला हा राज्यशास्त्राचा धडा नको असतो. मे 2020 मध्ये ट्रायनेच आंतरराष्ट्रीय रोमिंगवर चर्चापत्र काढलं होतं, त्यात बिलाच्या या धक्क्याची चर्चा होती. त्याला आता बरीच वर्षं झाली.

युरोपीय संघाने 2010 पासून रोमिंग डेटाच्या बिलाला 50 युरोची आपोआप लागणारी मर्यादा घातली, आणि 15 जून 2017 पासून संघातल्या देशांत रोमिंगचा जादा आकारच काढून टाकला. तिथल्या कंपन्या त्यामुळे बुडाल्या नाहीत.

चौथी, ई-सिमची, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घेतलेल्या सिमची. परदेशी ई-सिम विकणारी दोन नावाजलेली अ‍ॅप जानेवारी 2024 मध्ये विभागाच्या सांगण्यावरून इथल्या अ‍ॅप स्टोअरवरून उतरवली गेली. परदेशी कंपनीचं सिम भारतात विकायला विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि ग्राहकाचा पासपोर्ट बघावा लागतो. नियम योग्य. पण मग अधिकृत विक्रेता कोण, हे सीताबर्डीच्या मोबाइल बाजारात कोणाला विचारायचं? तिथे मला "दुबई, थायलंड, सगळं मिळते, ताई" असं सांगणारे पुष्कळ भेटतात, प्रमाणपत्र दाखवणारा क्वचित. अधिकृत मार्ग दिसत नाही, म्हणून लोक अनधिकृत मार्गाला लागतात आणि फसतात.

त्यातच आणखी एक सापळा आहे. आपलं भारतीय सिम ई-सिममध्ये बदलून घेतलं की सुरक्षेसाठी चोवीस तास एसएमएस बंद राहतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी गॅलरीत जाऊन हे करणारे प्रवासी मी पाहिले आहेत. विमानतळावर ओटीपी येत नाही तेव्हा त्यांना हा नियम कळतो. गॅलरीतल्या माणसाला तो आधीच माहीत असतो.

आता नेपाळमधल्या लुंबिनीबद्दल. हे जरा सविस्तर सांगते, कारण नागपूरच्या बाहेर याची कल्पना फारशी कोणाला नसते.

14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली, तेव्हापासून या शहराचं बुद्धाच्या भूमीशी नातं आहे. दीक्षाभूमीला देशोदेशीचे भिक्खू येतात, आणि इथली साधी माणसं आयुष्यभर पैसे साठवून सारनाथ, कुशीनगर, बोधगया करत लुंबिनीला जातात. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. जमिनीवरून जाताना पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. सरहद्द एवढी मोकळी, पण सोनौलीची कमान ओलांडून बस थोडी पुढे गेली की अख्ख्या बसचे फोन मुके होतात. जेमतेम तासाभराच्या अंतरावर बुद्धजन्माची जागा, आणि घरी "पोचलो" एवढं कळवता येत नाही. माझ्या बसमध्ये मोलमजुरी करून आलेल्या आजी असतात, त्यांच्या फोनमध्ये दुसरं सिम घालायला खाचही नसते. नेपाळी सिम घालायचं तर भारतीय काढावं लागतं. भारतीय काढलं की, तुमच्या नव्या नियमाने, व्हॉट्सअ‍ॅप बंद.

गंमत अशी की नेपाळच्या दुकानांत 2024 पासून आपलं यूपीआय चालतं. भूतान, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, अमिराती, अगदी पॅरिसचा आयफेल टॉवर, अशी यादी आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावी. पण त्या क्यूआरसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या फोनमध्ये नेट आणि चालू सिम दोन्ही लागतं. नेट बाकीच्या गटाच्या हॉटस्पॉटवर भागवतो. सिमचं काय?

हजच्या यात्रेकरूंचंही असंच आहे. नागपूर हे हजच्या प्रस्थानाचं एक केंद्र. मी हजचे गट नेत नाही, पण मोमिनपुऱ्यातले माझ्या व्यवसायातले लोक सांगतात की सौदीत सिम घ्यायला बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि कष्ट केलेल्या म्हाताऱ्या हातांचे ठसे यंत्रावर उमटता उमटत नाहीत. सरकारने 2024 मध्ये 'हज सुविधा' हे अ‍ॅप आणलं, चांगलं केलं. अ‍ॅपला नेट लागतं.

नागपूरच्या मिहान उद्योग क्षेत्रातल्या कंपन्यांतली तरुण मुलं परदेशी कामाला जातात, त्यांचं फारसं अडत नाही. कंपनी पॅक भरते, फोनमध्ये दोन सिम असतात, सेटिंग त्यांना कळतं. हे पत्र त्यांच्यासाठी नाही.

आमच्या बाजूने आम्ही जे करता येतं ते करतो. निघण्याआधी ऑफिसात सगळ्यांना बोलावून फोन उघडून बसतो. भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद, डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर जाण्याची सोय बंद, फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर, नकाशे आधीच उतरवून ठेवलेले, कार्डाचा परदेशी वापर घरूनच सुरू केलेला, मुलांचे नंबर कागदावर. दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागत नाही, मेसेजच जातात, हेही सांगतो, नाहीतर "घरी काय झालं असंल" म्हणून रात्रभर कोणी झोपत नाही. हे सगळं मोबाइल कंपनीने करायचं काम आहे. पैसे ती घेते.

मागण्या अशा:

1. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने एक उत्तम नियम केला. ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं व्हाउचर कंपन्यांनी द्यावं, आणि व्हाउचरची मुदत 365 दिवसांपर्यंत ठेवता यावी. तोच न्याय रोमिंगला लावा. फक्त एसएमएस येण्यापुरतं, निदान सहा महिने मुदतीचं, साध्या माणसाला परवडेल असं रोमिंग व्हाउचर प्रत्येक कंपनीला बंधनकारक करा. बाकी काही झालं नाही तरी चालेल, एवढं करा.

2. परदेशी जाणाऱ्याने प्रवासाचा पुरावा दिला तर तेवढ्या काळात नंबर बंद होणार नाही आणि दुसऱ्याला दिला जाणार नाही, अशी लेखी पावती मिळावी.

3. परदेशात सिम हरवलं किंवा फोन चोरीला गेला, तर पासपोर्ट आणि व्हिडिओ पडताळणीवर तोच नंबर ई-सिम म्हणून परत मिळावा. आज त्यासाठी बहुतेकांना भारतात परत येण्याची वाट बघावी लागते. सिम बांधणीच्या नियमात अशा माणसाला काही दिवसांची सवलतही हवी.

4. रोमिंगच्या बिलाची कमाल रक्कम ग्राहकाने आधी ठरवावी. ती गाठली की डेटा बंद व्हावा, आणि ग्राहकाने हो म्हटल्याशिवाय पुन्हा सुरू होऊ नये.

5. नेपाळ, भूतान, श्रीलंका यांच्यासाठी शेजारचा वेगळा, स्वस्त दर ठरवा. सरकार-सरकारांत बोलणी करून यूपीआय नेता येतं, तर एसएमएस का नाही?

6. ना-हरकत प्रमाणपत्र असलेल्या परदेशी सिम विक्रेत्यांची यादी नागपूरच्या विमानतळावर आणि कंपन्यांच्या गॅलऱ्यांत मराठीत लावा. परदेशात उतरल्यावर येणारा दरांचा मेसेजही मराठीत द्या. हँडसेट त्या देशात चालेल की नाही, हे पॅक विकण्याआधी तपासून सांगणं सक्तीचं करा.

ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून एकट्या कोणाचं बिल घेऊन मी आलेले नाही, नियम मागते आहे. दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. माझ्या प्रवाशांपैकी दोघांची प्रकरणं तयार आहेत, कागद जमवून झाले आहेत. पण एकेकाने नागपूरच्या आयोगात वर्षानुवर्षं खेटे घालण्यापेक्षा तुम्ही एक आदेश काढणं सगळ्यांनाच सोयीचं.

बुद्धपौर्णिमेला लुंबिनीत असावं म्हणून माझा पुढचा गट निघणार आहे. निदान पहिल्या आणि पाचव्या मागणीवर काय करणार, हे त्याआधी लेखी कळवावं. उत्तर आलं तर मी ते ऑफिसच्या दारावर लावेन. नाही आलं तर ती दोन प्रकरणं आयोगात दाखल होतील आणि या पत्राची प्रत त्यांना जोडलेली असेल.

आपली,
धरमपेठेतली एक सहल आयोजक
नागपूर